रुसव्याची किंमत : मित्रांची अडवणूक करणारे राजकारण

१९८१ साली आमच्या अक्काचे लग्न झाले तेव्हा मी बारा वर्षांची होते. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी, दारातच मांडव घातला होता. मुहूर्त दुपारी बारा वाजून वीस मिनिटांचा. अकराच्या सुमाराला जानवसघराकडून निरोप आला, की नवरदेवाचे मामा रुसले आहेत. सोन्याची साखळी गळ्यात पडल्याशिवाय नवरा मारुतीच्या पारावरून उठणार नाही. बैठकीत जी याद झाली होती तिच्यात साखळीचा उल्लेख नव्हता. अण्णांनी खिशातून याद काढून दाखवली. मामांनी ती हातातही घेतली नाही. मांडवात चारशे माणसे, मागच्या अंगणात पंगतीचा भात शिजलेला, अक्का मुंडावळ्या बांधून बसलेली. पावणेबाराला अण्णांनी मळ्यातल्या विहिरीवरचे इंजिन एका ओळखीच्या माणसाकडे गहाण टाकले. साखळी आली, लग्न मुहूर्तावर लागले, आणि पंगतीत सर्वांत मोठ्याने हसत होते ते मामाच.

पुढे अनेक वर्षांनी माझ्या लक्षात आले, की मामांकडे स्वतःचे असे काही बळ नव्हते. जमीन, माणसे, गावातला मान हे सगळे अण्णांकडेच जास्त होते. मामांच्या हाती होती ती फक्त आमची घाई.

आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय मी कोणत्याही विद्यापीठात शिकलेली नाही. तीस वर्षे वर्तमानपत्रांची कात्रणे जमवली, ग्रंथालयांत बसून करारांचे मसुदे वाचले, एवढीच माझी शाळा. मे २०२२ मध्ये स्वीडन आणि फिनलंड यांच्या नाटोप्रवेशाला तुर्कस्तानने हरकत घेतल्याची बातमी कापून वहीत चिकटवताना मला आमचा मांडव आठवला. त्यानंतरची वीस-बावीस महिन्यांची कात्रणे मी त्याच नजरेने वाचत गेले. मोठ्या राष्ट्रांच्या गोटातले एखादे मध्यम बळाचे राष्ट्र आपल्याच मित्रांची अडवणूक करते तेव्हा त्याला नेमके काय मिळते, आणि त्याचे पैसे कोण भरते, हे या लेखात पाहायचे आहे.

शत्रूशी आणि मित्राशी

संघर्ष मुद्दाम कड्याच्या टोकापर्यंत न्यायचा आणि समोरच्याला आधी मागे हटायला लावायचे, या डावाला ब्रिंकमनशिप म्हणतात. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांची १९५६ च्या आरंभी ‘लाइफ’ नियतकालिकात एक मुलाखत आली आणि तिच्यावरच्या वादातून हा शब्द रूढ झाला. त्याचे शास्त्र मांडले ते थॉमस शेलिंग यांनी, १९६० च्या ‘द स्ट्रॅटेजी ऑफ कॉन्फ्लिक्ट’ या पुस्तकात. त्यांचा महत्त्वाचा मुद्दा असा, की हा कडा सरळ तुटलेला नसतो; ती एक निसरडी उतरण असते. ‘मी उडी मारीन’ या धमकीवर कोणी विश्वास ठेवत नाही. पण दोघांना बांधणारा दोर एकच असेल आणि त्यातला एक जण निसरड्यावर नाचू लागला, तर दुसऱ्याला घाम फुटतो. कारण नाचणाऱ्याचा पाय त्याच्या मनात नसतानाही घसरू शकतो.

शेलिंग यांच्या डोळ्यांसमोर अमेरिका आणि सोव्हिएत संघ होते. मित्रांमधला डाव थोडा वेगळा असतो. तिथे युद्धाची धमकी नसते. तिथे धमकी असते सही न करण्याची, तळ बंद करण्याची, बैठकीतून उठून जाण्याची. आपल्या भाषेत याला रुसवा असा नेमका शब्द आहे. परक्यावर कोणी रुसत नाही, कारण परका समजूत काढायला येत नाही. रुसवा चालतो तो समोरच्याला आपल्यावाचून पुढे जाता येत नसेल तरच, आणि तेही ठरावीक वेळेपुरतेच.

तुर्कस्तानच्या हाती काय होते

नाटोचा वॉशिंग्टन करार १९४९ चा. त्याच्या दहाव्या कलमानुसार नवा सदस्य घ्यायचा तर सर्व सदस्यांचे एकमत लागते, आणि नंतर प्रत्येक देशाने आपापल्या घटनात्मक पद्धतीने त्याला मान्यता द्यावी लागते. म्हणजे तीस सदस्य असतील तर तीस सह्या. लक्झेंबर्गची सही आणि अमेरिकेची सही इथे सारख्याच वजनाची.

तुर्कस्तान तर लक्झेंबर्ग नव्हे. १९५२ पासूनचा सदस्य, अमेरिकेखालोखाल नाटोतले सर्वांत मोठे सैन्य, आणि काळ्या समुद्रात जाण्या-येण्याचा दरवाजा ताब्यात. १९३६ च्या माँत्रो कराराने बोस्फोरस आणि दार्दानेल्स या सामुद्रधुन्यांतून युद्धनौका जाऊ द्यायच्या की नाही, याचे अधिकार तुर्कस्तानला दिलेले आहेत. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर, तुर्कस्तानने ते वापरलेही. तो युक्रेनला ड्रोन विकत होता, रशियाकडून वायू घेत होता, आणि जुलै २०२२ मध्ये दोघांमधला धान्यनिर्यातीचा करार इस्तंबूलमध्ये घडवून आणत होता. सगळ्यांनाच लागणारा माणूस रुसतो तेव्हा त्याच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

ही विद्या तुर्कस्तान नव्याने शिकला नव्हता. तिचा पहिला धडा त्याला अपमानातून मिळाला. ५ जून १९६४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी पंतप्रधान इस्मत इनोनू यांना पत्र लिहिले. आशय असा, की तुम्ही सायप्रसमध्ये सैन्य उतरवले आणि त्यामुळे सोव्हिएत संघ तुमच्यावर चालून आला, तर नाटोने तुमचे रक्षण करायचे की नाही याचा विचार झालेला नाही. या पत्राची जखम अंकारात अनेक दशके भरली नाही. आपली निष्ठा गृहीत धरली जाते तोवर तिला भाव नाही, असा अर्थ तिथल्या मुत्सद्द्यांनी काढला.

दहा वर्षांनी, जुलै १९७४ मध्ये, तुर्कस्तानने सायप्रसमध्ये सैन्य उतरवलेच. त्या वेळचे पंतप्रधान ब्युलंट एजेवित हे कवी होते. तरुणपणी त्यांनी रवींद्रनाथांच्या ‘गीतांजली’चा तुर्की अनुवाद केला होता. अमेरिकी काँग्रेसने शस्त्रपुरवठा रोखला, तो निर्णय फेब्रुवारी १९७५ पासून अमलात आला. त्याच वर्षी जुलैमध्ये तुर्कस्तानने आपल्या भूमीवरील अमेरिकी तळांचे काम थांबवले आणि इंजिर्लिकचा विमानतळ फक्त नाटोच्या कामापुरता चालू ठेवला. सोव्हिएत हालचाली टिपणारी अमेरिकेची केंद्रे बंद पडली. १९७८ मध्ये अमेरिकेने बंदी उठवली. तीन वर्षे लागली, पण तुर्कस्तान मागे हटला नाही आणि नाटोतून बाहेरही पडला नाही. घरात राहायचे पण स्वयंपाकघराची किल्ली कमरेला लावून ठेवायची, ही पद्धत तिथून पक्की झाली. २००९ मध्ये डेन्मार्कचे पंतप्रधान रासमुसेन नाटोचे सरचिटणीस होणार होते, तेव्हा तुर्कस्तान असाच अडून बसला आणि आश्वासने मिळाल्यावर उठला. मार्च २०१६ मध्ये सीरियन निर्वासितांना थोपवण्याच्या बदल्यात युरोपीय संघाने त्याला आधी तीन आणि मग आणखी तीन अब्ज युरोंची तयारी दाखवली.

वीस महिने

१३ मे २०२२ रोजी अध्यक्ष एर्दोगान यांनी स्वीडन आणि फिनलंडबाबत नाराजी व्यक्त केली. हे देश कुर्दिस्तान वर्कर्स पार्टीच्या, म्हणजे पीकेकेच्या, माणसांना आसरा देतात असा त्यांचा आरोप होता. पीकेकेला अमेरिका आणि युरोपीय संघही दहशतवादी मानतात. स्वीडनने तर १९८० च्या दशकातच तसे ठरवले होते. वाद होता तो तिच्या सीरियातल्या भावंड संघटनांचा, स्वीडनमध्ये राहणाऱ्या कुर्दांच्या मोर्चांचा, आणि २०१९ मध्ये तुर्की सैन्य उत्तर सीरियात घुसल्यावर स्वीडनने थांबवलेल्या शस्त्रनिर्यातीचा. म्हणजे तक्रार सगळी खोटी नव्हती. तशी ती नसावीच लागते. आमचे मामासुद्धा म्हणाले होते, की दुसऱ्या व्याह्यांनी साखळी घातली, आमच्या मुलाचा मान कमी का?

१८ मे रोजी दोन्ही देशांनी अर्ज दिले. २८ जून रोजी माद्रिदमध्ये, शिखर परिषदेच्या आदल्या संध्याकाळी, तिन्ही देशांनी दहा कलमांचा करार केला. ही याद होती. तुर्कस्तानने हरकत मागे घ्यायची. दुसऱ्या दोघांनी दहशतवादविरोधी कायदे कडक करायचे, शस्त्रनिर्यातीवरची बंधने काढायची, आणि लोक परत पाठवण्याच्या मागण्यांचा लवकर विचार करायचा. सगळ्यांना वाटले, लग्न लागले. सप्टेंबरअखेर तीसपैकी अठ्ठावीस देशांची मान्यता मिळाली. उरले हंगेरी आणि तुर्कस्तान.

तुर्कस्तानने आता याद वाचण्याची स्वतःची रीत काढली. स्वीडनने सप्टेंबरअखेर शस्त्रनिर्यातीचे दार उघडले, १ जानेवारी २०२३ पासून राज्यघटनेत दुरुस्ती केली, १ जूनपासून नवा दहशतवादविरोधी कायदा आणला. प्रत्येक वेळी अंकारातून उत्तर आले, की अजून पुरे नाही. दरम्यान डिसेंबरमध्ये स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका तुर्की पत्रकाराला परत पाठवण्यास मनाई केली. जानेवारीत स्टॉकहोममध्ये एर्दोगान यांचा पुतळा उलटा टांगला गेला आणि तुर्की वकिलातीसमोर कुराण जाळण्यात आले. मुसलमानांना दुखावणाऱ्या या कृत्याचा स्वीडनच्या सरकारने निषेध केला. पण त्यांच्या कायद्यात ते रोखण्याची सोय नव्हती. चर्चा थांबली.

मार्च २०२३ मध्ये एर्दोगान यांनी एक हुशार चाल केली. फिनलंडला मान्यता देऊन त्यांनी स्वीडनला एकटे पाडले. ४ एप्रिलला फिनलंड सदस्य झाला आणि रशियाशी असलेली त्याची सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा नाटोची झाली. मे महिन्यात तुर्कस्तानात निवडणूक होती. फेब्रुवारीतल्या भूकंपात पन्नास हजारांहून अधिक माणसे गेली होती, महागाईने लोक गांजले होते. अशा वेळी युरोपला वाकवणारा नेता ही प्रतिमा उपयोगी होती. तिने किती मते मिळवली हे मोजता येत नाही. पण २८ मे रोजी दुसऱ्या फेरीत ते निवडून आले.

१० जुलै २०२३ रोजी व्हिल्नियसला निघताना एर्दोगान यांनी आणखी एक मागणी पुढे केली : आधी तुर्कस्तानसाठी युरोपीय संघाचा रस्ता मोकळा करा. त्याच रात्री त्यांनी स्वीडनचा प्रस्ताव संसदेत पाठवण्याचे मान्य केले. दुसऱ्या दिवशी अमेरिकेने एफ-१६ विमानांच्या विक्रीबाबत पुढे जात असल्याचे सांगितले. तरीही प्रस्ताव संसदेत पोहोचायला ऑक्टोबर उजाडला. अखेर २३ जानेवारी २०२४ रोजी तुर्की संसदेने २८७ विरुद्ध ५५ मतांनी मान्यता दिली. तीन दिवसांनी, २६ जानेवारीला, अमेरिकी सरकारने ४० नवी एफ-१६ आणि ७९ जुन्या विमानांच्या सुधारणेचे साहित्य, असा २३ अब्ज डॉलरचा विक्रीप्रस्ताव काँग्रेसपुढे ठेवला. हंगेरीने फेब्रुवारीअखेर, स्वीडनकडून चार ग्रिपेन विमानांचा सौदा केल्यानंतर, मान्यता दिली. ७ मार्च २०२४ रोजी स्वीडन बत्तिसावा सदस्य झाला.

हिशेब

वरवर पाहता तुर्कस्तान जिंकला. पण कात्रणे तारखेप्रमाणे मांडली की चित्र बदलते. ही एफ-१६ विमाने बक्षीस नव्हती. ती पैसे मोजून विकत घेण्याची परवानगी होती. तीही त्याने ऑक्टोबर २०२१ मध्येच मागितली होती. का मागावी लागली? कारण त्याला मुळात त्याहून नवी, एफ-३५ विमाने मिळणार होती. शंभर विमाने घेण्याचा बेत होता, तुर्की कारखाने त्यांचे भाग बनवत होते. पण २०१७ मध्ये तुर्कस्तानने रशियाकडून एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणा घेण्याचा करार केला. अमेरिका शेवटी नमेल, असा तो अंदाज होता. जुलै २०१९ मध्ये यंत्रणा अंकाराजवळ उतरली आणि त्याच महिन्यात अमेरिकेने तुर्कस्तानला एफ-३५ च्या प्रकल्पातून काढले. डिसेंबर २०२० मध्ये निर्बंधही लावले. म्हणजे २०२४ च्या रुसव्याने जे मिळाले, ते २०१९ च्या रुसव्यात गमावलेल्या वस्तूची दुय्यम भरपाई होती. त्याच दिवशी ग्रीसला मात्र ४० पर्यंत एफ-३५ विकण्याचा प्रस्ताव काँग्रेसपुढे गेला.

शेलिंग यांची निसरडी उतरण ती हीच. याआधी २००३ मध्येही तुर्कस्तानचा पाय असाच घसरला होता. इराकवरच्या हल्ल्यासाठी ६२ हजारांपर्यंत अमेरिकी सैनिक तुर्की भूमीवरून जाऊ द्यायचे की नाही, यावर अंकाराने आठवडेच्या आठवडे मदतीच्या रकमेसाठी घासाघीस केली. अमेरिकेची सामानाने भरलेली जहाजे किनाऱ्यापाशी थांबून होती. १ मार्चला संसदेत बाजूने २६४ आणि विरोधात २५० मते पडली. पण १९ जण तटस्थ राहिल्याने उपस्थितांचे बहुमत झाले नाही आणि ठराव फेटाळला गेला. युद्धाला विरोध म्हणून त्या मताला तुर्की जनतेत मोठा मान आहे, आणि तो असावाही. मात्र घासाघीस करणाऱ्या सरकारच्या हाती ना पैसा राहिला, ना उत्तर इराकमध्ये शब्द. त्याच वर्षी ४ जुलैला सुलेमानिया इथे अमेरिकी सैनिकांनी तुर्की सैनिकांना डोक्यावर पोती घालून पकडून नेले.

शिवाय रुसव्याला आणखी एक मर्यादा असते. ज्याला अडवले जाते, तो दुसरी वाट शोधू लागतो. स्वीडन आणि फिनलंडने अर्ज देण्यापूर्वीच, ११ मे २०२२ रोजी, ब्रिटनने त्यांना संकटात मदतीची लेखी हमी दिली होती. डिसेंबर २०२३ मध्ये स्वीडनने अमेरिकेशी स्वतंत्र संरक्षण करार केला. ग्रीसमधले अलेक्झांड्रुपोली हे बंदर अमेरिका अधिकाधिक वापरू लागली. तिथून सामुद्रधुनी न ओलांडता पूर्व युरोपात सामान नेता येते. दर महिन्यागणिक स्वीडनची घाई कमी होत गेली आणि तिच्याबरोबर तुर्कस्तानच्या सहीचा भावही. जानेवारी २०२४ मध्ये मान्यता का मिळाली, याचे माझे अनुमान असे, की त्यापुढे थांबण्यात अंकाराला मिळण्यासारखे फारसे काही उरले नव्हते.

गहाण पडलेले

या हिशेबातली एक बाजू बातम्यांत शेवटच्या परिच्छेदात येत असे. स्वीडनमध्ये मोठा कुर्द समाज राहतो. त्यांतले बरेच जण तुर्कस्तान, इराण, इराक इथल्या छळातून निसटून आलेले. त्यांतल्याच अमिने काकाबावे स्वीडिश संसदेत अपक्ष खासदार होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये माग्दालेना आंदेर्सन पंतप्रधान झाल्या त्या या एका मताच्या आधारावर. बदल्यात सीरियातल्या कुर्दांशी सहकार्य वाढवण्याचे लेखी आश्वासन काकाबावे यांनी मिळवले होते. जून २०२२ मध्ये न्यायमंत्र्यांवरचा अविश्वास ठराव एका मताने पडला, तोही त्या तटस्थ राहिल्यामुळे. एका मताची अडवणूक तुर्कस्तानलाच येते असे नाही. पण त्या महिन्याच्या अखेरीस माद्रिदमध्ये जी याद झाली, तिच्यात स्वीडनने त्याच सीरियन कुर्द संघटनांना पाठिंबा न देण्याचे कबूल केले. सप्टेंबरमधल्या निवडणुकीनंतर काकाबावे संसदेतही उरल्या नाहीत.

डिसेंबर २०२२ मध्ये आसरा नाकारलेल्या एका कुर्दाला स्वीडनने तुर्कस्तानात परत पाठवले; उतरताच त्याला तुरुंगात नेण्यात आले. जुलै २०२३ मध्ये, व्हिल्नियसच्या चार दिवस आधी, स्टॉकहोमच्या न्यायालयाने पीकेकेसाठी पैसे उकळण्याचा प्रयत्न केल्याबद्दल एकाला साडेचार वर्षांची शिक्षा दिली. स्वीडनमधला असा तो पहिलाच खटला. सरकारने दोन्ही वेळी सांगितले, की कायद्याने जे व्हायचे तेच झाले. तसे असेलही. पण स्टॉकहोमच्या उपनगरात राहणाऱ्या, कागदपत्रे अजून पूर्ण न झालेल्या एखाद्या कुर्द कुटुंबाने ते वीस महिने कसे काढले असतील, याची कल्पना करता येते. सौदा दोन सरकारांत चालला होता. गहाण तिसरेच पडले होते.

आमच्या घरी विहिरीवरचे इंजिन सुटायला तीन वर्षे लागली. त्या तीन उन्हाळ्यांत ऊस करपला आणि दादाने अकरावीतून शाळा सोडली. साखळी मागणारे मामा आणि ती देणारे अण्णा, दोघांनीही दादाला विचारले नव्हते.

मुहूर्त काढून टाकता येतो का?

१९९३ मध्ये माझे लग्न ठरले तेव्हा अण्णांनी नोंदणी पद्धतीचा आग्रह धरला. भटजी नको, मांडव नको. ते म्हणाले, “मुहूर्तच नको. म्हणजे कुणी अडवायचा प्रश्नच नाही.” अक्काच्या सासरचे ते मामा त्या दिवशी बोलावलेल्यांत नव्हते.

नाटोला हा उपाय सोपा नाही. एकमताचा नियम काढून बहुमत आणले, तर तुर्कस्तान किंवा हंगेरीला अडवणूक करता येणार नाही हे खरे. पण लहान देशांना मनाविरुद्ध युद्धात ओढले जाण्यापासून वाचवणारी भिंतही पडेल. ज्या नियमाने प्रत्येकाला संरक्षण मिळते, त्याच नियमाने प्रत्येकाला अडवणुकीचा हक्क मिळतो. त्यामुळे नियम तसाच राहील, आणि देश आपापली घाई कमी करण्याचे मार्ग शोधतील : आधीच हमी घेतील, दुसरी बंदरे बांधतील, अर्ज देण्यापूर्वी अडवू शकणाऱ्याच्या घरी जाऊन येतील. स्वीडन आणि फिनलंडने मे २०२२ पूर्वी अंकारात किती वेळ घालवला होता, हा प्रश्न त्यांच्या मुत्सद्द्यांनी स्वतःला नक्कीच विचारला असेल.

२०२६ ची नाटोची शिखर परिषद अंकारात व्हायची ठरली आहे. इतकी वर्षे पारावर बसलेल्याच्या दारात या वेळी मांडव असेल. पाहुणे वेळेवर यावेत, जेवून जावेत, याची काळजी यजमान म्हणून त्याला करावी लागेल. त्या दिवसांची कात्रणे ठेवण्यासाठी मी वहीत काही पाने कोरी सोडली आहेत.